न दाबलेली पट्टी

ऑर्गनमध्ये कधी कधी असा एक स्वर अडकतो:
पट्टी कुणी दाबलेली नसते, तरी नळी वाजत राहते.
भर प्रार्थनेत, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना,
वर कुठेतरी एक बारीक भोंगा.
मी उठते, मागच्या फटीत हात घालते,
लाकडी दांडी जराशी हलवते. गप्प.
त्रेचाळीस वर्षं हे करत आले.

स्वतःच्या ओटीपोटातला तसला स्वर मात्र
कुठल्या दांडीला हात लावून थांबवायचा, कळेना.

सुरुवात किल्लीपासून झाली.
सायकल भिंतीला टेकवायची, कुलपात किल्ली घालायची,
आणि तेवढ्यात, अगदी तेवढ्यातच,
बांध फुटल्यासारखी घाई.
चार पावलांवर संडास.
चार पावलं फार होती.

मग शहराचा नकाशाच बदलला.
लेउवार्डनमध्ये आता बाजार नाही, चित्रांचं दालन नाही.
आहे ग्रंथालय, तळमजला, डावीकडचं दार.
आहेत बेकरीवाल्या बाई, ज्या नाही म्हणत नाहीत.
ॲम्स्टरडॅमला कालव्याच्या कडेला
पुरुषांसाठी लोखंडी आडोसे आहेत.
आम्ही काळी पँट घालतो.

यीप्पेने तीस वर्षं पंपिंग स्टेशनवर
शेतांमधल्या पाण्याची पातळी वहीत लिहिली.
आता तीन दिवस मला लिहायचं होतं:
किती प्याले, किती गेलं, किती वाजता, किती घाईने.
पिठाचं मापाचं भांडं त्यात कामी आलं.
"आकड्यांत खाडाखोड करू नकोस," एवढंच तो म्हणाला
आणि पिठासाठी नवीन भांडं आणायला गेला.

गोळ्यांनी तोंड वाळवंट झालं,
भजन सांगताना जीभ टाळूला चिकटायची.
मग सुई.

घोट्याच्या आत, तीन बोटं वर,
केसाएवढी बारीक.
नर्स बाउक्ये वायर जोडते, बटण फिरवते,
तळव्यात मुंग्या येतात,
आणि माझा उजवा अंगठा,
ज्याला जन्मभर मीच सांगितलं कुठे जायचं,
तो मला न विचारता वाकतो.
"सापडली नस," ती म्हणते.
दुखणं वर आणि सुई पायात कशी, ते समजावू लागते:
ही नस वर चढत चढत कण्याच्या तळाशी जाते,
तिथेच मूत्राशयाच्या नसाही येऊन मिळतात...
मी म्हटलं, बाई, मला नको सांगूस.
पायाने पट्टी दाबायची आणि आठ मीटर उंच नळीने बोलायचं,
यावर माझं घर चाललंय.

बारा मंगळवार, अर्धा अर्धा तास.
शेजारच्या खुर्चीत होदान, द्राख्तनची बस चालवते.
शेवटच्या थांब्यावर संडास नाही,
म्हणून सकाळपासून पाणीच पीत नव्हती.
नावं विचारण्याआधी
आम्ही एकमेकींचे अंगठे पाहिले होते.
तिचा माझ्याहून जास्त नाचायचा. मला हेवा वाटला.

पाचव्या मंगळवारपर्यंत काही म्हणजे काही नाही.
मी बाउक्येवर चिडले, पुढच्या खेपेला केक नेला.
सातव्यानंतर एका रात्री
चारदा उठायची ती दोनदाच उठले
आणि उरलेला वेळ छताकडे बघत जागी राहिले,
चुकून काही राहून गेलं की काय म्हणून.

बरी झाले असं नाही म्हणणार.
किल्लीपाशी अजून हरते कधी कधी.
काळी पँट कपाटात इस्त्री करून आहे.
महिन्यातून एकदा सुई घ्यावी लागेल म्हणे.

पण गेल्या रविवारी पाद्रीबाईंचं प्रवचन लांबलं,
नेमकं प्रलयावर.
चाळीस दिवस पाऊस, एकही दिवस गाळला नाही त्यांनी.
तेव्हा ती आली. दारात उभी राहिली.
मी म्हटलं, थांब, अजून दोन कडवी आहेत.

थांबली.

शेवटचा खर्ज मी उजव्या अंगठ्याने दाबला
आणि सोडलाच नाही.
काचा थरथरल्या, लोक वर बघू लागले.
खाली यीप्पे टोपी हातात धरून उभा,
आज हिने एवढा का लांबवला,
त्याला कळेना.